सप्ताहाचं सलग रेकॉर्डिंग: आधी खुणा, मग कात्री

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका भजनी मंडळाकडे श्रावणातल्या सप्ताहाच्या एका रात्रीची तीन तासांची सलग एमपी३ फाइल आहे. शिवाय आधीच्या पिढीने भरलेल्या काही कॅसेट संगणकात उतरवून ठेवल्यात. त्यातला प्रत्येक अभंग, गौळण, गजर सुटा करायचा आहे, पोरांना पेटीवर सराव करायला आणि गाडीत ऐकायला. ऑनलाइन कटरवर करून पाहिलं, तर तुकड्याच्या टोकाला 'टक्' असा आवाज येतो आणि झांज चिरकी, फाटल्यासारखी वाटते. फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअरचं नाव ऑडॅसिटी, त्याबद्दल पुढे सांगतोच, पण तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ती कळली नाहीत तर कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी हेच होणार.

आधी झांजेचं बघू. एमपी३ ही फाइल छोट्या छोट्या फ्रेमची बनलेली असते. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत एका फ्रेममध्ये प्रत्येक चॅनेलचे १,१५२ नमुने (लाटेच्या उंचीची एकेक मोजणी), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा आवाज. तो साठवताना कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून दिलेला असतो आणि टाकलेलं परत येत नाही. बहुतेक ऑनलाइन कटर काय करतात, तर ही फाइल उलगडतात, कापतात आणि पुन्हा एमपी३ करतात. म्हणजे एकदा गाळलेलं पुन्हा गाळलं जातं, तेही बऱ्याचदा १२८ केबीपीएसवर (हा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवलेली माहिती; आकडा लहान तितकं जास्त गाळलं जातं). बोलण्याच्या आवाजात हे फारसं कळत नाही. भजनात मात्र पहिला मार झांजेला बसतो, कारण तिचा सगळा जीव वरच्या कंपनांत असतो. चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग असेल तर कांसाळ्यांचं (मोठ्या झांजांचं) तेच होतं, आणि घुमटाच्या (मातीच्या तालवाद्याच्या) थापेच्या किंचित आधी एक फुसफुस ऐकू यायला लागते. शिवाय तीन तासांची फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर चढवायची, ती तिथे किती दिवस राहते ते आपल्याला ठाऊक नाही. माझं स्पष्ट मत आहे, रिंगटोन करण्यापलीकडे त्या साइटींवर जाऊ नये.

आता 'टक्'. आवाजाची लाट शून्य रेषेच्या वर-खाली होत असते. लाट वर चढलेली असताना मधेच कापलं, तर स्पीकरचा पडदा एका क्षणात तिथून शून्यावर ओढला जातो आणि तो झटका ऐकू येतो. पखवाजाची धुम, डग्गा, घुमट असे खर्जातले आवाज चालू असताना लाटा मोठ्या आणि रुंद असतात. १०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे डोळ्यांनी अंदाजे कापलेला काप शून्यावर पडण्याची शक्यता कमीच. यावर उपाय दोन. ऑडॅसिटीत निवड केल्यावर झेड कळ दाबली की निवडीच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यावर सरकतात. पण स्टिरिओत डावा आणि उजवा चॅनेल एकाच वेळी शून्यावर असतीलच असं नाही, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. तुकड्याच्या सुरुवातीला ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड-इन (आवाज शून्यातून चढवणं) आणि शेवटी तेवढाच फेड-आउट (शून्यापर्यंत उतरवणं) दिला की काम होतं. एवढा छोटा फेड कानाला कळतही नाही.

एक तिसरं कारणही असतं, ते कॅसेटवाल्यांनी तपासावं. कॅसेट संगणकात उतरवायची स्वस्तातली यूएसबी यंत्रं कधीकधी पूर्ण लाटच शून्याच्या थोडी वर किंवा खाली बसवतात. मग शांततासुद्धा शून्यावर नसते आणि कुठेही कापा, टक् वाजणारच. ऑडॅसिटीच्या नॉर्मलाइझ या आवाजाची पातळी ठरवणाऱ्या इफेक्टमध्ये 'डीसी ऑफसेट काढा' या अर्थाची एक खूण असते. ती करून घ्यायची, पण कापण्याच्या आधी आणि पूर्ण फाइलीवर.

ऑडॅसिटीचं नाव वर आलंच आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींतून उतरवलं तर सोबत नको ती पाहुणेमंडळी येते. जुन्या व्हिडिओंत 'एमपी३ करायला लेम (एमपी३ बनवणारा जोडप्रोग्राम) वेगळं उतरवा' असं सांगतात, त्याची २०१९पासून गरज नाही. मोबाइलवर भरलेली एम४ए फाइल विंडोजवर उघडायची असेल, तर मात्र एफएफएमपेगची, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या फाइली वाचणाऱ्या फुकट प्रोग्रामची, लायब्ररी बसवावी लागते.

आता मुख्य काम. बहुतेक लोक फाइल उघडतात, पहिला अभंग निवडतात, एक्स्पोर्ट करतात, मग तो भाग उडवतात आणि पुढच्याकडे वळतात. दहाव्या अभंगाला लक्षात येतं की तिसऱ्याची सुरुवातीची तान अर्धी गेली आहे, आणि तोवर मूळ फाइलीचे तुकडे झालेले असतात. म्हणून माझा नियम असा की शेवटपर्यंत काहीच कापायचं नाही, फक्त खुणा करायच्या. ऑडॅसिटीत त्यांना लेबल म्हणतात. फाइल वाजत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणावर लेबल पडतं. भाग निवडून कंट्रोल आणि बी दाबलं की त्या पूर्ण भागाला लेबल लागतं. लेबलमध्ये अभंगाचं नाव थेट मराठीत लिहिता येतं.

या दोन प्रकारांत मोठा फरक आहे. बिंदूचं लेबल लावलं तर तुकडा त्या बिंदूपासून पुढच्या लेबलपर्यंतचा निघतो, म्हणजे मधली सूचना, 'माइक जरा खाली करा', तबल्याची ठाकठोक, सगळं आधीच्या अभंगाच्या शेपटाला लागून येतं. भागाचं लेबल लावलं तर तेवढाच भाग निघतो, मधलं गळून पडतं. भजनासाठी नेहमी भागाचंच लेबल वापरा. आणखी एक सोय अशी की दोन लेबलं एकमेकांवर थोडी चढली तरी चालतात, सामाईक भाग दोन्ही फाइलींत येतो. आपल्याकडे अभंग संपता संपता बुवा त्याच लयीत गजर उचलतात, मधे श्वासाचीही जागा ठेवत नाहीत. तिथे हद्द शोधत बसण्यापेक्षा ती जोडाची दोन आवर्तनं दोन्हीकडे राहू द्यावीत.

पहिल्या फेरीत कच्च्या खुणा करा. पूर्ण रात्र एका पडद्यावर दिसेल इतकं झूम-आउट केलं की गजराचे दाट पट्टे आणि निवेदनाच्या बारीक जागा लगेच वेगळ्या दिसतात. नुसत्या लाटेवरून कळत नसेल तर स्पेक्ट्रोग्राम हे दृश्य लावा, त्यात कुठल्या क्षणी कुठले उंच-खालचे सूर आहेत ते दिसतं. पेटीचे सूर आडव्या रेघांसारखे दिसतात, टाळ्या म्हणजे नुसता धुरळा, आणि बोलणं तुटक ठिपक्यांसारखं. थोडी सवय झाली की न ऐकता जागा ओळखता येते. दुसऱ्या फेरीत हेडफोन लावून प्रत्येक खूण नीट बसवायची.

ती कुठे बसवायची हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही. सुरुवातीला गायकाचं पहिलं अक्षर हा काप नव्हे. त्याच्या आधी तो श्वास घेतो, त्याच्याही आधी पेटीवाला सूर भरतो. सरावासाठी फाइल करताय ना, मग तो भरलेला सूर पोरांना हवाच आहे. पट्टी त्यावरूनच कळते. पहिल्या सुराआधी अर्धा ते एक सेकंद मोकळा ठेवा. शेवटी समेवर आल्यावर हात लगेच कात्रीकडे जातो, तो आवरा. झांजेचा नाद दोन-तीन सेकंद रेंगाळतो, आणि तो तोडला की ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकल्यासारखं वाटत राहतं. टाळ्या असतील तर दोन सेकंद ठेवून तीनेक सेकंदांच्या फेडमध्ये विरू द्या. खाली स्वरपेटी किंवा तानपुऱ्याचं यंत्र चालूच असेल तर फेडशिवाय गत्यंतर नाही. विठ्ठलनामाचा गजर द्रुत लयीत चढत जाऊन एकदम थांबतो, तिथे मात्र फेड घालू नका. ते थांबणंच त्याची गंमत आहे.

शास्त्रीय बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर विलंबित आणि द्रुत वेगळे करण्याचा मोह टाळा. एका रागाची एक फाइल. नाट्यगीतांच्या मैफलीत गाणं आणि त्याआधीची दोन वाक्यांची प्रस्तावना बरेचदा एकत्र ठेवावीशी वाटते, विशेषतः बोलणारी व्यक्ती आज हयात नसेल तर.

आवाज आपोआप शोधून कापणारी सोयही आहे. ऑडॅसिटीत ॲनलाइझ मेन्यूत 'लेबल साउंड्स' आहे, ते शांततेच्या जागा हुडकून लेबलं लावून देतं. प्रवचन, कविसंमेलन, पुस्तकवाचन यांवर ते छान चालतं. खोलीचा मूळ गोंगाट किती डेसिबलवर आहे ते आधी पाहायचं आणि मर्यादा त्याच्या थोडी वर ठेवायची. भजनावर मात्र ते हमखास फसतं, कारण शांतता नावाची गोष्टच नसते. चवथीच्या घरगुती आरत्यांत तर विचारूच नका. एक आरती संपायच्या आत दुसरी उचललेली असते, बाहेर फटाके, आत पोरं, आणि घुमट-शामेळ (काठ्यांनी वाजवायचं छोटं चर्मवाद्य) काही थांबत नाहीत. तिथे कान हेच साधन.

आवाजाची पातळी सारखी करायची असेल तर तीही कापण्याआधी, पूर्ण फाइलीवर एकदाच करा. सुटे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं नॉर्मलाइझ केलंत, तर शांत सुरुवातीचं नमन आणि शेवटचा गजर दोन्ही सारख्याच जोरात वाजतात आणि रात्रीचा चढ निघून जातो.

लेबलं मनासारखी झाली की फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट ऑडिओ उघडा. नव्या आवृत्तीत तिथेच 'मल्टिपल फाइल्स' असा पर्याय आहे, जुनीत 'एक्स्पोर्ट मल्टिपल' नावाची वेगळी ओळ असायची. लेबलांनुसार तोड, नावाआधी क्रमांक घाल, असं सांगितलं की पूर्ण रात्र एका झटक्यात सुट्या फाइलींत उतरते. लेबलच्या नावात तिरकी रेघ, विसर्गासारखी दिसणारी इंग्रजी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह नको, विंडोज ती फाइलीच्या नावात घेत नाही.

त्याआधी आणखी एक गोष्ट करा: लेबलं वेगळी एक्स्पोर्ट करून ठेवा. साधी मजकुराची फाइल निघते. एका ओळीत सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि नाव, एवढंच. मूळ रेकॉर्डिंग आणि ही फाइल, दोन्ही जपलीत की सगळं काम कधीही पुन्हा उभं करता येतं. उद्या एका अभंगाचा शेवट लांबवायचा झाला तर एक आकडा बदलायचा. अट एकच: मूळ फाइलीच्या सुरुवातीचा भाग उडवायचा नाही, नाहीतर सगळे सेकंद सरकतात.

तुमच्या तीन तासांच्या फाइलीसाठी या मजकुराच्या फाइलीचा आणखी एक उपयोग आहे. ती आधीच एमपी३ आहे, म्हणजे ऑडॅसिटीतून पुन्हा एमपी३ काढली तर एक गाळणी वाढलीच. ती टाळायची तर फाइल न उलगडता, फ्रेमच्या हद्दीवर कापणारी साधनं वापरायची. विंडोजवर एमपी३डायरेक्टकट हे इवलंसं सॉफ्टवेअर आहे. दुसरं एमपी३स्प्लिट, आणि ते ऑडॅसिटीच्या लेबलांची फाइल थेट वाचतं. म्हणजे खुणा ऑडॅसिटीत आरामात करायच्या, आणि मूळ एमपी३वर कात्री एमपी३स्प्लिटने चालवायची. दर्जा तसूभरही कमी होत नाही, आणि तीन तासांचं काम चहा ओतेपर्यंत संपतं. मर्यादा अशी की काप २६ मिलिसेकंदांच्या पायरीनेच पडतो. शिवाय एमपी३ची फ्रेम आपल्याआधीच्या फ्रेमांत उरलेली जागा वापरत असते, त्यामुळे कापानंतरच्या पहिल्या क्षणात बारीकशी खोट येऊ शकते. खूण टाळ्यांत किंवा सूर भरण्यात असेल तर यातलं काही जाणवत नाही. गाणं चालू असताना मधेच तोडायचं असेल तर हा मार्ग नव्हे. लांब फेडही इथे नीट जमत नाही. एमपी३डायरेक्टकट आवाज कमी-जास्त करतं ते १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी.

खुणा बरोबर असूनही काप सेकंद-दोन सेकंद भलतीकडे पडत असतील, तर फाइल बहुधा बदलत्या बिटरेटची आहे आणि तिच्यातला वेळेचा तक्ता खराब आहे. दोन प्लेअरमध्ये एकूण लांबी वेगवेगळी दिसते का बघा. तसं असेल तर ती एकदा वेव्हमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या मोठ्या फाइलीत, उलगडून घ्या आणि पुढचं सगळं त्याच्यावरच करा. इथे एक गाळणी वाढते, त्याला इलाज नाही. निदान शेवटची एमपी३ १९२ केबीपीएसच्या खाली काढू नका. पाच मिनिटांच्या अभंगाला सात एमबी लागतात, फार नाहीत.

कमांड लिहायची सवय असेल तर एफएफएमपेग हेच काम करतं. त्याला 'कॉपी' सांगायला विसरू नका, नाहीतर ते निमूटपणे पुन्हा एन्कोड करून मोकळं होतं.

कॅसेटची गोष्ट वेगळी. तिथे उतरवणं तुमच्या हातात आहे, म्हणून वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच (न गाळता आकुंचन केलेल्या फाइलीत) उतरवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्हला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅक त्याच्या साधारण निम्म्यावर येतं आणि काहीही गमावत नाही. ऑडॅसिटी आतमध्ये ३२ बिटांत काम करतं, त्यामुळे प्रोजेक्टची फाइल तासाला सव्वा जीबीपर्यंत जाते, तेवढी जागा ठेवा. पावसाळ्यात काम करत असाल तर लाइट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बाजू संपली की लगेच सेव्ह.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि अभंग काही ते पाहून संपत नाही. 'अ' बाजूच्या शेवटी तुटलेला अभंग 'ब' बाजूला पुढे चालू होतो. जोडताना दोन्हीकडे आलेली एखादी ओळ मिळाली तर समेवर ठेवून छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढवा. नाही मिळाली तर दोन भाग म्हणूनच ठेवा. ओढूनताणून केलेला जोड तालात चुकतो आणि पखवाजवाला तो पहिल्याच ऐकण्यात पकडतो. सेलवर चालणाऱ्या टेपवर भरलेल्या कॅसेटी शेवटी शेवटी वरच्या पट्टीत गेलेल्या असतात, कारण सेल उतरल्यावर टेप हळू फिरली आणि आता नेहमीच्या वेगाने वाजते आहे. पेटीशी ताडून बघा. दुरुस्त करायचं तर नुसता सूर बदलणारा इफेक्ट नको, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा घ्या. आणि फितीवर पांढरट बुरशी दिसत असेल, आपल्या हवेत ती येतेच, तर ती कॅसेट साफ केल्याशिवाय टेपमध्ये घालू नका. हेड खराब होतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडतात.

जत्रेतलं नाटक भरणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण तो प्रश्न याच्या मागोमाग येतोच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओवर दोन जीबी दोन तासांत भरतात आणि चार जीबी चार तासांत. वेव्हची आणि मेमरी कार्डच्या जुन्या मांडणीचीही मर्यादा चार जीबीची, म्हणून रेकॉर्डर आपणच नवी फाइल सुरू करतो. या फाइली एकामागोमाग चिकटवल्या तर बऱ्याच रेकॉर्डरवर जोड ऐकूसुद्धा येत नाही. तेव्हा आधी जोडा, मग प्रवेशांनुसार लेबलं लावा.

गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर मराठी नावांऐवजी चौकोन दिसतात. तिथे फाइलीचं नाव रोमन लिपीत ठेवा, दोन आकडी क्रमांक पुढे लावा आणि मराठी नाव टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आत साठवलेल्या माहितीत, घाला. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते. कंपनीने काढलेल्या कॅसेटीतली गाणी मात्र घरच्या सरावापुरतीच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि गाणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क निराळा.

यंदाच्या सप्ताहाला रेकॉर्डर लावाल तेव्हा सुरू केल्याची घड्याळातली वेळ वहीत लिहा, आणि प्रत्येक भजनाची वेळ व नाव त्याखाली लिहायला एका पोराला बसवा. रेकॉर्डरवर मार्करचं बटण असेल तर ते त्याच्याच हातात द्या. पहिली फेरी तिथेच झालेली असेल.